डिलीट केल्या तरी जागा सुटेना: डेस्कटॉपवरच्या मेल्सची आवराआवर

तळमजला:

मंडळी, दोन संध्याकाळी खर्ची घातल्या आणि हाती काही लागलं नाही, म्हणून धागा काढतोय.

मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरतो. पॉपचं खातं आहे, म्हणजे मेल्स सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतात; २००८ पासूनच्या सगळ्या मेल्स कॉम्प्युटरवरच आहेत. डिस्क भरत आली, ६ जीबी उरली. प्रोग्रॅम सगळं जिथे साठवतो त्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर एकटी इनबॉक्सची फाइल ११ जीबीची. मग पाठवणाऱ्याच्या नावाने क्रम लावला आणि आपोआप येणाऱ्या सूचना, जाहिराती, जुनी वार्तापत्रं मिळून साधारण ९ हजार मेल्स उडवल्या.

उडवून झाल्यावर डिस्कवर ३ जीबी उरली. म्हणजे जागा वाढायच्या ऐवजी कमी झाली. ट्रॅश रिकामा केला, पुन्हा ६ झाली. इनबॉक्सची फाइल मात्र जिथल्या तिथे, ११ जीबी. प्रोग्रॅममध्ये त्या मेल्स कुठेही दिसत नाहीत. मग त्या आहेत कुठे?

---

झुळूक:

इनबॉक्सवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ करा, जागा सुटेल. माझंही असंच झालं होतं.

---

पानगळ:

झुळूक म्हणतात ते बरोबर आहे, पण तळमजला, तुमच्या डिस्कवर ६ जीबीच उरलीय म्हणून जरा दमानं. आधी आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे घाई का नको ते कळेल.

थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फोल्डरसाठी एकच फाइल ठेवतो. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. साधी टेक्स्ट फाइल, नावापुढे एक्स्टेन्शनही नाही. तिच्यात सगळ्या मेल्स एकाखाली एक लिहिलेल्या असतात, प्रत्येकीची सुरुवात ‘फ्रॉम’ या शब्दाच्या ओळीने. शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती अनुक्रमणिका. स्क्रीनवर जी यादी दिसते ती या अनुक्रमणिकेतून येते.

तुम्ही डिलीट दाबलंत की तीन गोष्टी होतात. मेलची आख्खी प्रत ट्रॅशच्या फाइलमध्ये उतरते. अनुक्रमणिकेतली नोंद निघते. आणि इनबॉक्सच्या फाइलमध्ये त्या मेलच्या डोक्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची जी ओळ असते, तिच्यातल्या चार अंकांपैकी एक बदलतो. बस. मजकूर, अटॅचमेंट, सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून जागा आधी कमी झाली, कारण एकच मेल काही काळ दोन ठिकाणी होती, आणि ट्रॅश रिकामा केल्यावर पहिल्या आकड्यावर आली.

हे मुद्दाम असं केलेलं आहे. ११ जीबीच्या फाइलच्या मधून एक तुकडा कापायचा तर त्याच्या पुढचं सगळं सरकवून पुन्हा लिहावं लागतं. प्रत्येक डिलीटला ते करत बसला तर प्रोग्रॅम वापरणंच अशक्य होईल. वहीतली ओळ खोडायला क्षण लागतो, वही नव्याने उतरवायला दिवस जातो. कॉम्पॅक्ट म्हणजे वही नव्याने उतरवणं: न खोडलेल्या मेल्स एका नव्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायच्या आणि मग जुनी फाइल टाकून नवी तिच्या जागी बसवायची.

आता तुमची अडचण. जुनी फाइल शेवटपर्यंत जागेवर असते आणि नवी तिच्या शेजारी वाढत जाते. तुमच्या ११ जीबीतल्या ८ जीबी उरणार असतील तर तेवढी मोकळी जागा आधी हवी. ६ मध्ये ते बसत नाही. अर्धवट थांबलेल्या कॉम्पॅक्टने मागे सोडलेल्या ‘एनएसटीएमपी’ नावाच्या फाइली मी अनेकांच्या प्रोफाइलमध्ये पाहिल्या आहेत. तर आधी प्रोग्रॅम बंद करून आख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मग दुसरं काहीतरी जड हलवून डिस्कवर ९-१० जीबी मोकळी करा, आणि मगच कॉम्पॅक्ट.

---

मोहोर:

तळमजला, कॉम्पॅक्ट करायच्या आधी एकदा थांबा. काय काय उडवलंय ते नीट आठवतंय का तुम्हाला?

माझं सांगते. माझं खातं आयमॅपचं, म्हणजे मूळ मेल्स सर्व्हरवर असतात; ते लॅपटॉपवर आणि घरच्या डेस्कटॉपवर जोडलेलं. माझा समज असा की दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रती आहेत. लॅपटॉपवर जागा हवी होती, म्हणून बाबांच्या मेल्सचा फोल्डर तिथून उडवला आणि ट्रॅशही रिकामा केला. डेस्कटॉपवर आहेतच की, हा विचार. त्याच संध्याकाळी डेस्कटॉप सुरू केला. बाबांच्या फोल्डरवर क्लिक केलं, यादी क्षणभर दिसली आणि माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झाली. ४१२ मेल्स. बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते विषयाच्या जागी दर वेळी एकच लिहायचे, ‘पोचलीस का’. ती ‘पोचलीस का’ची ओळीने भरलेली यादी एका क्षणात गेली.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आधी इंटरनेटची वायर काढ, मग प्रोग्रॅम बंद कर, आणि काही झालं तरी कॉम्पॅक्टला हो म्हणू नकोस. प्रोफाइलमध्ये पाहिलं तर त्या फोल्डरची फाइल तशीच होती, ९० एमबीची. तिची प्रत काढून, एमएसएफ न घेता, लोकल फोल्डर्सच्या (सर्व्हरशी न जोडलेल्या, फक्त कॉम्प्युटरवरच्या) फोल्डरमध्ये नव्या नावाने टाकली आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडला. ३८७ मेल्स परत दिसल्या. उरलेल्या २५ आल्या नाहीत, कारण त्यांचा मजकूर डेस्कटॉपवर कधी उतरलाच नव्हता, नुसती शीर्षकं होती.

तुम्हाला जी जागा अडकलेली वाटतेय तीच जागा माझ्या कामी आली. कॉम्पॅक्ट झालं असतं तर एकही मिळाली नसती. म्हणून म्हणते, आधी खात्री करा.

---

तळमजला:

मोहोर, वाचून पोटात गोळा आला. आणि आता एक गोष्ट लक्षात येतेय.

मी यादी साखळीने दाखवायची ठेवली होती, म्हणजे मेल आणि तिच्याखाली तिची उत्तरं. पहिल्याच वेळी प्रोग्रॅमने विचारलं होतं, मिटलेल्या साखळीतल्या सगळ्या मेल्स जातील, चालेल का. मी ‘पुन्हा विचारू नका’वर टिक केली आणि पुढे गेलो. आमच्या कामात एका प्रणालीतून आपोआप सूचना येते आणि त्याच मेलला उत्तर देत देत आम्ही सगळे चर्चा करतो. म्हणजे वरची सूचना उडवताना तिच्याखालची माणसांची बोलणीही गेली असणार. त्यात निर्णय आहेत, सही केलेले कागद आहेत.

काही केलेलं नाही अजून. प्रोग्रॅम बंद आहे. आता काय करू?

---

पानगळ:

मोहोर ताई, तुम्ही वेळेवर थांबवलंत. मी हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

तळमजला, प्रोग्रॅम बंद आहे हे फार चांगलं. उघडलात तर सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये डिस्कच्या जागेच्या भागात जा आणि ‘इतके एमबी वाचणार असतील तर सर्व फोल्डर कॉम्पॅक्ट करा’ अशा अर्थाची टिक काढा. नाहीतर तो आपण होऊन आवरायला घेईल आणि परतीची वाट बंद होईल.

मूळ फाइलला हात लावू नका. बाहेरच्या डिस्कवर इनबॉक्सची फाइल कॉपी करा, एमएसएफ नको. शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकून, कुठलंही खातं न जोडता, त्याच्या लोकल फोल्डर्समध्ये ती ‘सुटका’ अशा नावाने ठेवा. नुसती ठेवून मात्र तुमच्या मेल्स दिसणार नाहीत, कारण तुमच्या फाइलमध्ये त्यांच्यावर खूण झालेली आहे. ती खूण काढावी लागेल. एवढी फाइल साध्या नोटपॅडला पेलत नाही, मोठ्या फाइली उघडणारा एडिटर घ्या. प्रत्येक मेलच्या वरच्या भागात अशी ओळ दिसेल:

एक्स-मोझिला-स्टेटस: ०००९

यातल्या ९ मध्ये १ म्हणजे वाचलेली आणि ८ म्हणजे पुसलेली. सगळीकडे ०००९ च्या जागी ०००१ करा, फाइल सेव्ह करा, प्रोग्रॅम उघडा. अनुक्रमणिका नव्याने बनेल आणि मेल्स परत दिसतील.

---

रेघोटी:

पानगळ, एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची आहे.

नुसत्या ०००९ बदलल्या तर ज्या मेल्सना तळमजला यांनी उत्तर दिलंय त्या सापडणारच नाहीत. आणि त्यांना हव्यात नेमक्या त्याच. हे आकडे सोळाच्या पायाचे आहेत, म्हणजे ९ च्या पुढे ए (१०) ते एफ (१५) अशी अक्षरं येतात. १ वाचलेली, २ उत्तर दिलेली, ४ तारांकित, ८ पुसलेली. वाचून, उत्तर देऊन मग पुसलेली मेल म्हणजे १ अधिक २ अधिक ८, बरोबर ११, आणि ती फाइलमध्ये ‘०००बी’ अशी दिसते. शिवाय विषयात ‘री’ असलेल्या मेल्सच्या तिसऱ्या जागी बऱ्याचदा १ असतो, पुढे पाठवलेल्यांच्या पहिल्या जागी. चर्चेच्या साखळ्यांमध्ये ००१९ आणि ००१बी भरपूर मिळतील.

म्हणून फक्त शेवटचा अंक बघा. तो ८, ९ किंवा ए ते एफ यांपैकी काहीही असला तर मेल पुसलेली आहे. आधीचे तीन अंक जसेच्या तसे ठेवा. लगेच खाली ‘एक्स-मोझिला-स्टेटस२’ अशी आणखी एक ओळ असते, तिला अजिबात हात लावू नका.

आणि एक सुचवू का? ८ नुसता काढून टाकू नका, त्याच्या जागी ४ बसवा. म्हणजे ८ चा ४, ९ चा ५, ए चा ६, बी चा ७. सी, डी, ई, एफ यांच्यात ४ आधीच आहे, तर त्यांचे अनुक्रमे ४, ५, ६, ७ होतील. असं केलं की परत आलेली प्रत्येक मेल तारा घेऊन येईल. क्विक फिल्टरमध्ये ताऱ्यावर क्लिक केलंत की ११ जीबीच्या ढिगातून तुम्ही पुसलेल्याच तेवढ्या समोर येतील. आधीपासून तारा असलेल्या काही मिसळतील, तेवढं चालवून घ्या.

---

दुपार:

इथे विचारलं तर चालेल का? माझ्याकडे आउटलुक आहे, डेस्कटॉपवरचं जुन्या पद्धतीचं. पीएसटी फाइल वाढतच चाललीय, डिलीट करूनही. तिथेही हेच का?

---

पानगळ:

तत्त्व तेच, रचना वेगळी. पीएसटी ही एकच बंदिस्त फाइल, तिच्यात सगळे फोल्डर. डिलीट केलेल्याची जागा फाइलच्या आत मोकळी म्हणून राहते आणि नव्या मेल्सना वापरली जाते, फाइल लगेच लहान होत नाही. खात्याच्या सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्स निवडून तिच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ आहे. मोठ्या फाइलला तासन् तास लागतात, मधेच बंद करू नका.

तुमची फाइल किती जुनी आहे ते मात्र बघा. आउटलुक २००२ पर्यंतच्या प्रकाराला २ जीबीची मर्यादा होती, आणि ती ओलांडलेल्या फाइली उघडेनाशा व्हायच्या. २००३ मध्ये नवा प्रकार आला, त्याला सुरुवातीला २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी. जुन्या प्रकारची फाइल अजून वापरात असेल तर तिच्यात मेल्स पुसत बसण्यापेक्षा नवी फाइल बनवून तिच्यात सगळं हलवा.

शिफ्ट धरून डिलीट दाबायची सवय असेल तर सोडा. त्याने मेल डिलीटेड आयटम्समध्ये जातच नाही. कंपनीचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खातं असेल तर ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ मध्ये काही दिवस सापडू शकते, मूळ सेटिंग १४ दिवसांचं असतं. पॉपच्या खात्याला ती सोय नाही.

---

झुळूक:

मी पहिल्या प्रतिसादात एका ओळीत ‘कॉम्पॅक्ट करा’ लिहून मोकळी झाले. तळमजलांनी ते ऐकून लगेच केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाहीये. बरं झालं थांबलात.

माझी शंका: मोहोर यांच्याकडे जे झालं ते टाळायचं कसं? माझंही आयमॅप आहे आणि जागेसाठी जुनं काढायचंय.

---

रेघोटी:

झुळूक, आयमॅपमध्ये खरी प्रत सर्व्हरवर असते. तुमच्या कॉम्प्युटरवर असतं ते तिचं प्रतिबिंब. इथे पुसलं की तिथे पुसलं जातं आणि मग बाकी सगळ्या यंत्रांवरही. सर्व्हरवरही पुसणं दोन पायऱ्यांत होतं: आधी मेलवर ‘पुसलेली’ अशी खूण, मग ‘एक्स्पंज’ या आज्ञेने ती प्रत्यक्ष नाहीशी. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये तीन पर्याय दिसतात: ट्रॅशमध्ये हलवा, नुसती खूण करा, लगेच काढून टाका. पहिलाच ठेवा. त्याच पानावर बाहेर पडताना ट्रॅश रिकामा करायची टिक आहे, ती काढलेली बरी.

पॉपमध्येही अशीच काळजी घेतलीय. पॉपचे नियम ठरवणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९३९ या दस्तऐवजाप्रमाणे प्रोग्रॅमने ‘डेली’ ही आज्ञा दिली तरी सर्व्हर मेल फक्त बाजूला नोंदवतो, ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतल्यावरच पुसतो. मधेच लाइन तुटली तर एकही मेल पुसायची नाही असा नियमच आहे.

फक्त कॉम्प्युटरवरची जागा हवी असेल तर काही पुसायची गरजच नाही. खात्याच्या सिंक्रोनायझेशनमध्ये जाऊन मेल्स या कॉम्प्युटरवर ठेवू नका किंवा अलीकडच्याच ठेवा असं सांगा. सर्व्हरवरची जागा हवी असेल तर जुन्या मेल्स लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपी करा. मग वायर काढून चार-दोन मेल्स अटॅचमेंटसह उघडून बघा. उघडल्या, तर सर्व्हरवरच्या काढा. आणि मग लोकल फोल्डर्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हवाच, कारण आता ती एकमेव प्रत आहे.

याच सेटिंग्जमध्ये ‘इतक्या दिवसांपेक्षा जुन्या मेल्स काढून टाका’ असं एक कलम आहे. त्याच्या वरची ओळ शांतपणे वाचा. त्यात स्थानिक प्रत आणि सर्व्हरवरची मूळ प्रत, दोन्ही कायमच्या जातील असं लिहिलेलं असतं. फक्त कॉम्प्युटर हलका होईल असं समजून लोक ते चालू करतात, आणि सर्व्हरवरची कित्येक वर्षं जातात.

जीमेलचं खातं असेल तर एकच मेल इनबॉक्समध्ये आणि ‘ऑल मेल’मध्ये दिसते, कारण तिथे फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. ‘ऑल मेल’ कॉम्प्युटरवर उतरवायचं बंद केलं तरी तिथली बरीच जागा सुटते. ट्रॅशमधलं ३० दिवसांनी आपोआप जातं.

---

तळमजला:

चार दिवसांनी लिहितोय.

रेघोटींची ताऱ्याची युक्ती केली. जुन्या लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवरची प्रत घेऊन. एडिटरमध्ये ‘एक्स-मोझिला-स्टेटस: ००१बी’ असं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ती खालची मेल मीच लिहिलेल्या पानभर मजकुराचं उत्तर होती. यादीत नव्हती, शोधात येत नव्हती, आणि इथे एकही अक्षर कमी न होता पडून होती. अंक बदलले, अनुक्रमणिका बनायला पाऊण तास लागला. ताऱ्याचा फिल्टर लावला आणि ९ हजारांच्या आसपास मेल्स समोर. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता सूचनांचा नसलेल्या अशा शोधल्या, तर ६०० वर निघाल्या. त्या एकेक पाहिल्या. २१४ ठेवण्यासारख्या होत्या, त्यांतल्या निदान ३० अशा की गेल्या असत्या तर मला कामात तोंड दाखवता आलं नसतं. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन तो फोल्डर मूळ कॉम्प्युटरवर आणला.

मग व्हिडिओ हलवून जागा केली आणि कॉम्पॅक्ट केलं. ११ ची ८ जीबी झाली.

पुढचं आवरायला आता आकाराने क्रम लावलाय, साखळी बंद करून. वरच्या २०० मेल्समध्येच २ जीबी आहे. सेंटमध्ये तर एकच पीडीएफ मी सहा जणांना सहा वेळा पाठवलेली सापडली. अटॅचमेंट मेलमधून वेगळी काढता येते असं दिसतंय. ते करू का?

---

पानगळ:

वा! २१४ परत आल्या, मनापासून बरं वाटलं.

अटॅचमेंट काढा, फायदा मोठा आहे. मेलमध्ये फाइल बेस६४ मध्ये लिहिली जाते, तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे १५ एमबीची फाइल मेलमध्ये २० एमबीहून जास्त जागा खाते. ‘डिटॅच’ म्हटलंत तर फाइल डिस्कवर जाते आणि मेलमध्ये तिचा पत्ता राहतो. तो फोल्डर नंतर हलवलात तर दुवा तुटतो, म्हणून आधीच कायमची जागा ठरवा. यातही मेल नव्याने लिहिली जाते आणि जुनी खूण करून तशीच राहते, तर शेवटी पुन्हा एकदा कॉम्पॅक्ट लागेल.

---

रेघोटी:

डिजिटल सही असलेल्या मेल्स तेवढ्या वगळा. अटॅचमेंट काढली की मजकूर बदलतो आणि सही पडताळता येत नाही. तुम्ही सही केलेले कागद म्हणालात म्हणून सांगितलं.

---

तळमजला:

माझे कागद स्कॅन केलेले आहेत, मेलवर सही नाही. पण एका संस्थेकडून येणाऱ्या मेल्सवर ती खूण दिसते, त्या बाजूला ठेवल्या.

मोहोर, एक विचारू? त्या ३८७ मेल्स आता कुठे ठेवल्यात?

---

मोहोर:

लोकल फोल्डर्समध्ये, आणि तीच फाइल आणखी दोन डिस्कवर. शिवाय प्रत्येक मेल स्वतंत्र ईएमएल फाइल म्हणून सेव्ह करून ठेवलीय, म्हणजे उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी उघडतील. नाव देताना अडचण आली, सगळ्यांचा विषय एकच. मग तारखेने ठेवल्या.